रात्री पायांची वळवळ आणि ताटातले संशयित

अर्धीझोप:

नमस्कार मंडळी. जुने धागे बरेच उपसले, पण नेमकं हे कुठे सापडलं नाही म्हणून नवा काढतेय.

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की थोड्याच वेळात माझ्या दोन्ही पोटऱ्यांत, आत खोलवर, वळवळ सुरू होते. दुखत नाही. गोळा येत नाही. मुंग्या म्हणाव्यात तर त्याही नाहीत. पाय हलवलाच पाहिजे, नाहीतर किंचाळेन, असं काहीतरी. हलवला की क्षणभर बरं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. उठून घरभर फिरलं की थांबतं, पण फिरत फिरत झोपणार कशी? नवरा म्हणतो, झोप लागल्यावरही मी थोड्या थोड्या वेळाने लाथा झाडते. हल्ली तो मध्ये उशी ठेवून झोपतो.

डॉक्टरांनी रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम असं निदान केलं. "चहा-कॉफी कमी करा, काहींना काही पदार्थ बाधतात, तुमचे तुम्ही शोधा," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तर मी शोधतेय. वही घातली आहे. आतापर्यंतचे संशयित: संध्याकाळची कॉफी, डार्क चॉकलेट, खारवलेले पाकीटबंद पदार्थ, वाइन, उशिरा झालेलं जड जेवण आणि सर्वांत वर आइस्क्रीम. आइस्क्रीम खाल्लं की ती रात्र गेलीच म्हणून समजा. पण गंमत बघा, दुधाने काही होत नाही. साखर म्हणावी तर बिस्किटांनी होत नाही. गार म्हणावं तर बर्फाचं पाणी चालतं. मग आइस्क्रीममध्ये असं आहे तरी काय?

एकेक पदार्थ सोडत चाललेय. वजन उतरलं, गालफडं बसली, पाय आहेत तसेच. वय ४३, काम बैठं, संध्याकाळीही संगणकासमोर. हिमोग्लोबिन १२.१ आलं, म्हणजे नॉर्मल. कुणाला असा अनुभव आहे का? खाण्याचा खरंच संबंध असतो का?

साखरबंद:

असतो म्हणजे काय, शंभर टक्के असतो! ताई, साखर सोडा. चहातली, बिस्किटातली, सॉसमधली, सगळी. मी सोडली आणि पाय शांत झाले. डॉक्टर हे सांगत नाहीत कारण त्यात गोळी विकायला मिळत नाही. आइस्क्रीममध्ये साखर असतेच, कोडं कसलं त्यात?

येरझारा:

साखरबंद, तुम्हाला बरं वाटलं याचा आनंद आहे. पण अर्धीझोप यांची बिस्किटं तुमच्या उत्तरात कुठे बसवायची ते सांगा.

अर्धीझोप, हा त्रास मला तिशीच्या आधीपासून आहे आणि आता साठी जवळ आली. नाटकाला मी कायम कडेची खुर्ची घेतो. रात्री वर्तमानपत्र ओट्याशी उभं राहून वाचतो, एक पाय बुटक्या स्टुलावर, दर पानाला पाय बदलत. घरच्यांनी त्या स्टुलाला माझं नाव दिलंय. तेव्हा जे सांगतो ते पुस्तकी आणि पायातलं दोन्ही आहे.

आधी एक: तुमचं वर्णन या आजाराच्या व्याख्येत तंतोतंत बसतं. हलवण्याची अनावर इच्छा, बसल्या-पडल्यावर वाढणं, हलल्यावर कमी होणं, संध्याकाळ-रात्री जोर. आणि पाचवं, दुसऱ्या कशाने तसं वाटत नाही याची खात्री. पायात गोळे येणं वेगळं, त्यात स्नायू दगडासारखा होतो. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ मध्येच हे लिहून ठेवलं होतं, आणि स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये यावर अख्खा प्रबंध लिहिला. म्हणून याला विलिस-एकबोम रोगही म्हणतात. झोपेतल्या लाथा हाही याचा सोबती, पाचातल्या चार रुग्णांत तरी आढळतो. नवऱ्याची उशी राहू द्या.

आता खाणं. संबंध आहे, पण तुम्ही शोधताय तिथे तो सगळ्यात कमी आहे. आज रात्री काय खाल्लं यापेक्षा गेल्या कित्येक महिन्यांत शरीरात लोह किती साठलं, हा मोठा प्रश्न. या आजारात मेंदूतल्या काही भागांत लोह कमी पडतं, हे मेंदूच्या स्कॅनमध्ये, पाठीतून काढलेल्या पाण्याच्या तपासणीत आणि मृत्यूनंतरच्या तपासणीतही दिसलं आहे. लोह कमी पडलं की डोपामिनचं, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचं, गणित बिघडतं. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही साठा रिकामा असू शकतो. शरीर आधी कोठार संपवतं, मग रक्ताला हात घालतं. म्हणून १२.१ वर विसंबू नका. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, केलंय का?

ते करताना दोन गोष्टी. सकाळी उपाशीपोटी करा. ताप, संसर्ग, सूज असताना करू नका, कारण तेव्हा फेरिटिन उगाच फुगलेलं दिसतं. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही मागा, म्हणजे रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती टक्के लोह चढलंय ते. आणि रिपोर्टवर "नॉर्मल" छापून आलं तरी आकडा स्वतः वाचा. बऱ्याच प्रयोगशाळा पंधरा-वीसलाही नॉर्मल म्हणतात. या आजारापुरता उंबरठा वेगळा आहे: २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असेल तर लोह द्यायचा विचार करा असं सांगितलं. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. माझं होतं २८, रिपोर्टवर एक तांबडी खूणसुद्धा नव्हती.

आता कॉफी. ती दोन्हीकडून मारते. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. सहाला प्यायलेल्या कपातलं अर्धं कॅफीन अकराला तुमच्याबरोबर अंथरुणात असतं. मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ दिवसभर साठतो आणि शरीराला निवायला लावतो, कॅफीन त्याचीच जागा अडवून बसतं. लोह कमी असलेल्या मेंदूत ही अ‍ॅडेनोसिनची यंत्रणा मुळात दुबळी असते, अशी या क्षेत्रातल्या संशोधकांची मांडणी आहे. शिवाय जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा-कॉफी घेतली की त्यातली टॅनिनसारखी द्रव्यं वनस्पतीजन्य लोह धरून ठेवतात, ते आतड्यातून आत शिरतच नाही. पहिला परिणाम त्याच रात्री कळतो, दुसरा कधीच कळत नाही. वहीत तो दिसणार कसा?

चॉकलेट: डार्क असेल तर त्यात कॅफीन असतंच, कॉफीपेक्षा बरंच कमी. वाइन: झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते, आणि जागा माणूस पाय हलवतो. खारट पदार्थ, मोनोसोडियम ग्लुटामेट, कृत्रिम गोडी यांच्याविरुद्ध सांगोवांगी भरपूर, पुरावा जवळपास शून्य. उशिराच्या जड जेवणाबद्दल मला वेगळाच संशय आहे. असं जेवण बहुधा चार माणसांत होतं, म्हणजे तासन्‌तास बसणं आलं, वाइन आली, शेवटी कॉफी आली, झोपायला उशीर. आळ मात्र एकट्या जेवणावर.

आइस्क्रीमचं मलाही कळत नाही. काही खाल्ल्यावर आणखी काय करता?

खलबत्ता:

मी फार्मासिस्ट आहे, म्हणून माझा प्रश्न सरळ औषधांबद्दल. अर्धीझोप ताई, सध्या काय काय चालू आहे? डॉक्टरांनी लिहून दिलेलं, स्वतःहून घेतलेलं, अधूनमधून घेतलेलं, सगळं सांगा. सर्दीची, अ‍ॅलर्जीची, उलटीची, झोपेची गोळी, काहीही.

अर्धीझोप:

येरझारा काका, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. फेरिटिन कुणी सांगितलंच नव्हतं. पाळीत रक्तस्राव बराच जातो, हेही कुणी विचारलं नाही.

खलबत्ता, रोजची थायरॉइडची गोळी. बाकी काही नाही. हां, गार खाल्लं की माझं नाक लगेच चोंदतं. सर्दी धरेल या भीतीने आइस्क्रीमच्या रात्री सर्दीची एक गोळी घेऊन झोपते. बर्फाच्या पाण्याने नाक चोंदत नाही, तेव्हा घेत नाही. औषधं वहीत लिहायची असतात हे कोण सांगणार! वही खाण्याची होती.

खलबत्ता:

सापडलं बहुतेक. त्या गोळीच्या पाकिटावर घटक वाचा. डायफेनहायड्रामिन, क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन यांपैकी काही आहे का? ही सगळी गुंगी आणणारी जुनी अँटिहिस्टामिनं, म्हणजे सर्दी-अ‍ॅलर्जीवरची औषधं. ज्यांना हा त्रास आहे त्यांचे पाय यांनी हमखास बिघडतात असं नाही, पण बिघडवणाऱ्या औषधांच्या यादीत ती अगदी वर आहेत. वाईट म्हणजे दुकानात सहज मिळणाऱ्या झोपेच्या गोळ्यांतही पुष्कळदा हेच असतं. पाय झोपू देत नाहीत म्हणून माणूस ती घेतो आणि पाय आणखी पिसाळतात.

त्याच यादीत उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन आहेत, ती डोपामिनच अडवतात. "अमुक खाल्लं, मळमळलं, गोळी घेतली, रात्रभर पाय नाचले" असं सांगणारे मी काउंटरवर पाहिलेत, आणि प्रत्येकाने अमुक पदार्थालाच शिव्या घातल्या. नैराश्यावरची बरीच औषधंही यात येतात, मिर्टाझापिन तर नक्कीच. ती चालू असतील तर मनाने बंद करायची नाहीत, ज्यांनी लिहून दिली त्यांच्याशीच बोलायचं. नाक चोंदण्याला गुंगी न आणणारे पर्याय आहेत, नाकातला साधा मिठाच्या पाण्याचा फवाराही चालतो.

साखरबंद:

म्हणजे आता साखर निर्दोष आणि गोळी गुन्हेगार? मला स्वतःला फरक पडलाय, त्याचं काय?

येरझारा:

तुम्हाला पडलाय, हे मी नाकारत नाही. साखर सोडल्याने नुकसानही नाही, खुशाल सोडा. पण या आजाराच्या औषधचाचण्यांत, ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती त्यांच्यातल्याही एक तृतीयांशाहून जास्त लोकांना चांगलं बरं वाटलं होतं. हा आजार मुळात भरती-ओहोटीचा. माणूस उपाय सुरू करतो तो त्रास शिगेला पोचल्यावर, आणि शिगेनंतर उतार येतोच. त्या आठवड्यात जे सोडलं असेल त्याला श्रेय मिळतं. मी एकदा टोमॅटो सोडून बरा झालो होतो. पुढे टोमॅटो परत आले, त्रासही आपल्या मनाने येत-जात राहिला, दोघांची वेळ काही जुळेना.

पोटपुराण:

थोडं वेगळं. लोह कमी निघालं आणि गोळ्या घेऊनही चढेना, तर पोटाकडे बघा. माझ्या बाबतीत मूळ निघालं सिलिअ‍ॅक रोगात. ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर झिजतं, लोह शोषलंच जात नाही, आणि पुढे हे पाय. ग्लुटेन बंद झाल्यावर फेरिटिन चढलं आणि रात्री सुधारल्या. पण हे वाचून कुणी उद्यापासून गहू सोडू नका! रक्ततपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून तपासणी होईपर्यंत ग्लुटेन खात राहावं लागतं, नाहीतर निकाल खोटा नकारात्मक येऊ शकतो. डॉक्टरांनी मला हे आधीच बजावलं होतं. ज्यांना सिलिअ‍ॅक नाही त्यांनी ग्लुटेन सोडून पायांसाठी काही साधेल असं मला वाटत नाही.

अर्धीझोप:

पाकीट पाहिलं. क्लोरफेनिरामिन आहे.

आता पुढचं कसं करू? आइस्क्रीम गोळीशिवाय खाऊन बघणार आहे, ते तर ठरलंच (या प्रयोगाला घरातून प्रचंड पाठिंबा आहे). पण कॉफीचं काय? मला सकाळची सोडवत नाही.

येरझारा:

सकाळची कशाला सोडता? दुपारनंतरची सोडा, आणि सकाळची नाश्त्यापासून तासभर लांब ठेवा. लोहाच्या गोळीपासूनही तेवढीच लांब. तेवढ्याने भागतंय का ते आधी बघा.

वही मात्र बदला. सध्या तुम्ही वाईट रात्रीनंतर सकाळी बसून काल काय खाल्लं ते आठवता, बरोबर? मग वाईट रात्रीमागे काहीतरी सापडणारच, आणि चांगल्या रात्रीमागे तेच खाल्लेलं असलं तरी कुणी शोधत नाही. झोपायच्या आधी लिहा: शेवटचं कॅफीन किती वाजता, दारू, औषधं, संध्याकाळी सलग किती बसलात, व्यायाम, पाळीचा कितवा दिवस. सकाळी फक्त रात्रीला शून्य ते दहा गुण द्या, वरचं न वाचता. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोनतीन आठवडे तशीच ठेवा.

संध्याकाळच्या कॉफीचा निकाल लावायचाच असेल तर नवऱ्याला कामाला लावा. एकसारख्या दोन डब्यांत एकीकडे नेहमीची, दुसरीकडे कॅफीन काढलेली. कुठल्या रात्री कुठली हे त्याने ठरवायचं, स्वतःच्या कागदावर लिहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. आमच्याकडे हे शेवटचं जमलं नाही, बायको कप पुढे करतानाच हसायची. कॅफीन काढलेल्या कॉफीतही थोडं उरतंच, पण ते नगण्य.

खाण्यात काय *घालायचं* ते पाहा, काढत बसण्यापेक्षा. तुमची गालफडं बसली म्हणता, म्हणजे आधीच कमी असलेलं लोह आणखी कमी पोटात जातंय. मांस-मासे चालत असतील तर त्यातलं लोह सहज शोषलं जातं. नाहीतर डाळी, कडधान्यं, हिरव्या पालेभाज्या, आणि त्याच घासाबरोबर लिंबू किंवा दुसरं काही क जीवनसत्त्वाचं. फेरिटिन फारच खाली असेल तर मात्र नुसत्या जेवणाने ते चढायला फार वेळ लागतो, गोळी किंवा सलाइनमधून लोह लागतं. ते तपासणीशिवाय, मनाने सुरू करू नका. काही लोकांच्या शरीरात लोह मुळातच जास्त साठतं, त्यांना ते विषासमान.

अर्धीझोप:

रिपोर्ट आला. फेरिटिन १४. सॅच्युरेशन ११ टक्के. आणि हो, शेजारी "नॉर्मल मर्यादेत" असं छापलेलं आहे, फेरिटिनसमोर!

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लोहाची गोळी एक दिवसाआड दिली आहे. पाळीच्या रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलंय. फेरिटिन तीन महिन्यांनी परत. त्यांच्या मते तूर्त पायांवर वेगळं औषध नको.

आइस्क्रीम गोळीशिवाय खाल्लं, पुन्हा पुन्हा खाल्लं. नाक चोंदलं, फवारा मारला, पाय नेहमीइतकेच. म्हणजे शांत नाहीत, पण ती "गेलीच" वाली रात्र एकदाही नाही. चॉकलेटचं नाव यादीतून खोडलं. संध्याकाळच्या कॉफीने मात्र होतंच, नवऱ्याच्या कागदाशी ताडून पाहिलं. त्याला हसू येत नाही, उलट जरा जास्तच गंभीर होतो, पण कुठल्याही डब्याची कॉफी देताना तितकाच.

दोन शंका. एक, गोळी रोज घेतली तर लवकर चढणार नाही का? दोन, थायरॉइडच्या गोळीबरोबर चालते का? दोन्ही सकाळी उपाशीपोटी घ्यायला सांगितल्यात.

येरझारा:

पहिलीचं उत्तर देतो. लोहाची गोळी घेतली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं, ते आतड्याचं दार चोवीस तास किंवा थोडं जास्त ओढून घेतं. दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं त्यामुळे कमी आत जातं, उरलेलं पोटात राहून बद्धकोष्ठ करतं. दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळीतलं जास्त शोषलं जातं. डॉक्टरांनी विचार करून दिलंय. तीन महिने लांब वाटतील, पण कोठार भरायला वेळ लागतो, पहिल्या पंधरवड्यात पाय थांबले नाहीत म्हणून गोळी सोडू नका. पोटाने अजिबात सोसलं नाही किंवा आकडा हललाच नाही तर शिरेतून देतात, मला शेवटी तेच करावं लागलं.

पुढेमागे पायांवर औषध द्यायची वेळ आली तर प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या डोपामिनसारखं काम करणाऱ्या गटाबद्दल नीट विचारून घ्या. सुरुवातीला जादू वाटते, काही वर्षांनी त्याच औषधाने त्रास दुपारीच सुरू होतो आणि हातांपर्यंत चढतो. म्हणून आता गॅबापेंटिनच्या कुळातली औषधं आधी विचारात घेतात. तुमच्यावर ती वेळ येईलच असं नाही.

खलबत्ता:

दुसरीचं माझ्याकडे. एकत्र मुळीच नको. लोह थायरॉइडच्या औषधाला पोटातच बांधून टाकतं, मग ना धड हे ना धड ते. दोन्हींत किमान चार तास हवेत. थायरॉइडची नेहमीप्रमाणे उठल्याउठल्या पाण्याबरोबर. लोहाची दुपारी, जेवणानंतर दोनेक तासांनी, किंवा रात्री झोपताना, पोट सोसेल तसं. दुधाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. पित्तावरची अँटासिड घेत असाल तर तीही लांब ठेवा. थायरॉइडची तपासणीही सहा-आठ आठवड्यांनी एकदा करून घ्या, लोह सुरू झाल्यावर डोस हलू शकतो. आणि हे वेळापत्रक डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण दोन्ही उपाशीपोटी लिहून देताना बहुधा एक गोळी दुसऱ्या कागदावर होती.